गणवेशांखाली लपवलेला डबा

मित्रांनो, पत्र्याचा, गोल आणि एका अंगाला चांगलाच पोचा आलेला असा मी बिस्किटांचा एक जुना डबा आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. सपाट पत्रा होतो; यंत्राने मला कापले, वाकवले, कडा दुमडल्या आणि अंगावर निळा रंग चढवला. माझे झाकण इतके घट्ट बसे की तिथला मुकादम म्हणाला, "याच्यात मुंगीसुद्धा शिरायची नाही!" त्या कौतुकाने मी फुशारलो. पुढे एका बेकरीच्या काचेमागे काही दिवस काढले आणि मग शिवणताईंच्या घरी आलो.

शिवणताई हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. त्या शाळेचे गणवेश शिवत, म्हणून गल्लीतले सगळे त्यांना तशी हाक मारत. घरात त्या, बस चालवणारे त्यांचे यजमान आणि सासूबाई, अशी तीनच माणसे. सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. पाहुणे आले की आधी माझी आठवण होई. रिकामा झालो की मला धुऊनपुसून उन्हात ठेवत.

मग गणवेशांचे काम वाढले. शिवणताईंना श्वास घ्यायला फुरसत मिळेना, तर जेवायला कुठून मिळणार? त्यातच एक नातेवाईक बोलून गेल्या, "अंग सुटलंय हो तुमचं!" झाले! शिवणताईंनी दुपारचे जेवणच सोडले. दिवस कलू लागला की मात्र त्यांचा जीव कासावीस होई. मग त्या मला शिवणाच्या खोलीत नेत आणि दार लोटून घेत. एक बिस्कीट, दुसरे, तिसरे, आणि बघता बघता मी रिकामा. पहिल्या काही घासांनंतर त्यांना चव लागत नसावी, असे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून वाटे. हात तेवढा चालू राही. शेवटी त्या डोळे पुसत आणि "उद्यापासून बंद" असे स्वतःला बजावत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पाहुण्यांसमोर मी येईनासा झालो. माझी जागा आता गणवेशांच्या गठ्ठ्याखाली होती.

सासूबाईंच्या हे लक्षात आलेच. त्या मनाने चांगल्या, पण तोंडाने फटकळ. "जिभेला काही लगाम? लहान का आहेस तू?" असे म्हणून त्यांनी कपाटाला कुलूप ठोकले आणि मला, अर्ध्या भरलेल्याला, मागच्या दारच्या कचऱ्याच्या पिंपात भिरकावले. हा पोचा तेव्हाचा.

त्या दुपारी सासूबाई शेजारी गेल्या होत्या. शिवणताई हळूच मागच्या दारी आल्या. त्यांनी मला पिंपातून काढले, माझ्यावरची बटाट्याची साले झटकली आणि तिथेच पायरीवर बसून त्या भराभर खाऊ लागल्या. नेमकी त्या दिवशी यजमानांची बस बंद पडली होती. ते लवकर घरी आले आणि समोर उभे राहिले.

"बघू नका माझ्याकडे," शिवणताईंनी तोंड झाकून घेतले.

मला वाटले, आता यजमान घर डोक्यावर घेतील. पण त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि ते पायरीवर त्यांच्याजवळ बसले.

"कधीपासून चाललंय हे?"

"काम वाढलं तेव्हापासून. मला थांबताच येत नाही हो. नको असतं तरी खाते. वेड लागलंय का मला?"

"वेड कसलं? पण आता एकटीनं सोसायचं नाही. चल, डॉक्टरांकडे जाऊ."

दवाखान्यात सासूबाईही आल्या. यजमानांनी मला काखेत धरले होते. मला पाहून डॉक्टरीणबाईंना हसू आले. "साप चावला की सापालाच घेऊन येतात काही जण, तसा डबा आणलात होय! त्या बिचाऱ्याचा काय दोष? आणि ताई, तुमचाही नाही."

शिवणताईंनी कितीतरी वेळ रोखून धरलेला श्वास सोडला. मीही सोडला असता, मला येत असते तर!

"गोड, तेलकट खाल्लं की मेंदू लक्षात ठेवतो, हे पुन्हा करायचं," डॉक्टरीणबाई समजावू लागल्या. "मग नुसतं झाकण वाजलं तरी तो हाका मारायला लागतो. आवडणं वेगळं आणि ओढ वाटणं वेगळं. आवड ओसरते, ओढ मागे राहते. याला व्यसन म्हणावं का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण त्रास खरा आहे आणि त्यावर उपचार आहेत."

"म्हणजे लगाम नकोच म्हणता?" सासूबाईंनी विचारले.

"आजी, घोड्याला दिवसभर उपाशी ठेवलं, चाऱ्यासमोर नेलं आणि लगाम ओढला, तर तो ऐकेल का? जेवण चुकलं की ओढ वाढते. कुलपानं आणि टोमण्यांनी तर आणखीच."

घरी पोचताच सासूबाईंनी कुलूप काढले आणि दोन ताटे वाढली. "मशीन राहू दे गं. आधी जेव. मीही थांबलेय तुझ्यासाठी."

लगेच सगळे सुरळीत झाले नाही. शिवणताई जेवणाच्या वेळा पाळू लागल्या, समुपदेशक बाईंकडे जाऊन मन मोकळे करू लागल्या, तरी मधूनच तोल जाई. एकदा त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "आज पुन्हा झालं हो, आई." सासूबाई म्हणाल्या, "झालं तर झालं! म्हणून रात्रीचं जेवण नाही टाळायचं. बस पानावर." ज्या दिवशी ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, त्या दिवशी मी निश्चिंत झालो.

म्हणून मित्रांनो, घरात कोणी लपून खाताना दिसले तर हसू नका, चिडवू नका. त्याच्या अंगावरून बोलू नका. त्याला जेवायला सोबत द्या, आणि आपल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. आणि तुमचेच असे होत असेल, तर तेही सांगा. सांगितल्याने कोणी लहान होत नाही.

परवा शेजारच्या बायका चहाला आल्या होत्या. मी टेबलाच्या मधोमध होतो. शिवणताईंनी दोन बिस्किटे घेतली, खाल्ली आणि बसमधला एक किस्सा सांगायला लागल्या. तो इतका रंगला की त्या माझे झाकण लावायचेही विसरल्या. बिस्किटे पार मऊ पडली. विसरले गेल्याचा एवढा आनंद आजवर कुठल्या डब्याला झाला नसेल!