स्वल्पविरामानंतरची जागा

मित्रांनो, मी एक जुनी यादी आहे. वाण्याच्या सामानाची नव्हे, तर दूरदेशच्या अल्माटी शहरातल्या उलबोसिनबाईंनी लिहिलेल्या शोधनिबंधांची. माझ्या अंगावर एकोणीस ओळी आहेत. अठरांचा मला अभिमान वाटतो. एकोणिसावीपाशी कुणाचे डोळे पोचले, की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

मी जन्मले तेव्हा एकाच ओळीची होते. उलबोसिन तेव्हा विद्यार्थिनी होती. घरातली ही पाचवी मुलगी, म्हणून 'आता मुलगा होऊ दे' अशा अर्थाचंच नाव आईबापांनी ठेवलेलं. तिचे गुरू मेयिरमान यांना सगळे आगाय, म्हणजे गुरुजी, म्हणत. आगाय हसून म्हणायचे, "मुलगा झाला नाही तेच बरं. त्यानं माझ्या चिपा जाळल्या असत्या!"

दोघांनी मिळून मेंदूसारखी आठवण ठेवणारी चिप घडवली. साधं यंत्र वीज गेली की सगळं विसरतं, ही विसरत नसे. आगायनी तिला एकच शब्द शिकवला, 'कुल्याश'. हे त्यांच्या बायकोचं नाव. त्यांच्या आवाजात तो शब्द ऐकला की हिरवा दिवा लागायचा. दुसऱ्या कुणी घसा फोडून ओरडलं तरी चिप ढिम्म. पाहुणे यायचे, कौतुक करायचे, आणि माझी ओळीमागून ओळ वाढायची. मला तर काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावलं होतं.

मग फेब्रुवारीत आगाय अचानक गेले. एकोणिसावा निबंध त्यांनीच लिहून पुरा केला होता. फक्त छापायला एक अट होती: प्रत्येक लेखकानं आपल्या ई-टपालातून स्वतः 'होकार' कळवायचा. आगायना मातीत ठेवून आठ दिवस झाले होते. आणि तीन दिवसांत तो निबंध स्वीकारला गेला नाही, तर अनुदान थांबून प्रयोगशाळा बंद होणार होती.

"बाई, गेलेला माणूस होकार कसा देणार?" संचालक बोलातखान म्हणाले. "नाव काढून टाका. आगाय असते तर त्यांनी स्वतःच काढलं असतं."

उलबोसिननं नाव काढलं. घाईत तिच्या नावापुढचा स्वल्पविराम मात्र तसाच राहिला. त्याच्यापुढे काहीच नव्हतं. निबंध स्वीकारला गेला, प्रयोगशाळा वाचली, तीच ओळ जशीच्या तशी माझ्यावर चढली, आणि मी खोटी झाले.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, खोलीत कुणी चकार शब्द काढलेला नसताना हिरवा दिवा लागला. उलबोसिनच्या हातातला पेला खाली पडला. "गळती आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "जुन्या विजेची गळती, दुसरं काही नाही." पण त्या दिवसापासून ती चिपेकडे पाठ करून बसू लागली. मलाही भीती वाटायची. त्या रिकाम्या जागेत कुणीतरी उभं आहे आणि आत घेण्याची वाट पाहतंय, असं सारखं वाटायचं.

मे महिन्यात कुल्याशवहिनी आल्या. हातात तळलेल्या पोळ्यांचं पुडकं, गेलेल्या माणसाच्या नावानं दर शुक्रवारी वाटतात त्या. "हे जाऊन वर्ष होईल तेव्हाच्या जेवणाला यांचं शेवटचं काम सगळ्यांना दाखवायचंय," त्या म्हणाल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण नवऱ्याचं नाव त्या कुठल्याही लिपीत ओळखायच्या. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"बत्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली गं मी. स्वल्पविरामानंतर काहीतरी यावं लागतं. इथं कोण होतं?"

उलबोसिन तिथंच खाली बसली आणि लहान पोरीसारखी हमसून रडली. "आगाय होते, वहिनी. मी काढलं त्यांना. प्रयोगशाळेसाठी."

वहिनींनी पोळ्यांचं पुडकं तिच्या मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "त्यांनी तुला हाकललं नसतं. मीही नाही हाकलत. पण मला माझा माणूस परत दे."

उलबोसिननं त्याच दिवशी संपादकांना खरं काय ते कळवलं. निबंध मागे घेतला गेला, त्याच्यावर मिळालेलं अनुदान गेलं आणि प्रयोगशाळेला कुलूप लागलं. बोलातखाननी तिच्याशी बोलणंच सोडलं. सात महिन्यांनी निबंध पुन्हा छापला, आगायच्या बाजूनं वहिनींनी सही केल्यावर. आगायचं नाव आता पहिलं होतं आणि त्याच्यापुढे एक बारीक खूण होती.

"हा क्रूस कशाला लावलाय?" वहिनी भडकल्या. "माझा नवरा पाच वेळचा नमाजी होता!"

"क्रूस नाही, वहिनी. लेखक हयात नसला की छापणारे लावतात ती खूण आहे. अशा सगळ्यांनाच लावतात."

वहिनींनी कागद डोळ्यांजवळ नेला. "अगदीच अडाणी लोक दिसतात. पण नाव बरोबर लिहिलंय हो." आणि त्यांनी तो कागद घडी न घालता छातीशी धरून घरी नेला.

आता मी एका खोक्यात पडून असते. विसावी ओळ माझ्यावर कधीच येणार नाही, याचं वाईट वाटतं, नाही कसं वाटणार? मित्रांनो, तुम्हीही याद्या कराल: सहलीच्या, नाटकाच्या, बक्षिसांच्या. 'माझं नाव कुठे आहे' असं विचारायला जो येऊ शकत नाही, त्याचं नाव सगळ्यांत आधी लिहा.