नकार पोचला नाही

दुभाषीताईंचे आईवडील दोघंही बहिरे. त्यामुळे ताईंना बोलता येण्याआधी हातांनी भांडता यायला लागलं, अशी त्यांचे यजमान थट्टा करत. पुढे तेच पोटापाण्याचं साधन झालं. मागच्या खोलीत निळा पडदा लावून ताई संगणकासमोर बसत. कुठल्याशा दवाखान्यात किंवा बँकेत एखादा बहिरा माणूस मोबाइल उभा धरी; तिथला बोले ते ताई हातांनी सांगत, आणि बहिऱ्याच्या हातांचं तोंडानं बोलत. एका छोट्या संस्थेचं अ‍ॅप होतं ते.

अलीकडे मात्र चित्र अडखळायला लागलं होतं. हात वर जायचा आणि तिथंच थिजायचा. ताईंनी इंटरनेट कंपनीला फोन लावला.

"तुमची लाइन ठणठणीत आहे, ताई," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "पण हे अ‍ॅप आमच्या प्राधान्य यादीत नाही ना. गर्दीच्या वेळी यादीतली अ‍ॅप्स पुढे जातात, बाकीची मागे राहतात."

"यादीत कोण असतं?"

"ज्यांचा कंपनीशी करार आहे ते."

आणि मग सुताराचं ते प्रकरण घडलं. हा सुतार जन्माचा बहिरा, जाड भुवयांचा, भारी मस्कऱ्या. डॉक्टरांनी त्याला रक्तदाबाची नवी गोळी दिली आणि बजावलं, "जुनी आता घेऊ नका." हातांच्या भाषेत नकार शेवटी येतो. 'जुनी गोळी घ्यायची' इथपर्यंत ताईंचे हात पोचले आणि त्याच्याकडचं चित्र गोठलं. पुन्हा हललं तोवर ताईंचे हात मांडीवर आले होते. सुतारानं मान डोलावली. ताईंना वाटलं, पोचलं.

तो दोन्ही गोळ्या घेत राहिला. आठवडाभरातच कारखान्यात भोवळ येऊन स्टुलावरून पडला आणि उजवं मनगट मोडलं. इतरांचा हात मोडतो. याची अर्धी जीभच गेली.

ताईंनी ताट बाजूला सारलं. "मी परत विचारायला हवं होतं हो."

"तू डोळ्यांत तेल घालून काम करतेस," यजमान म्हणाले. "वाटेतच कुणी अडवून धरलं, तर तू तरी काय करणार?"

त्याच सुमारास सरकारी आयोगानं जाहीर सुनावणी ठेवली होती: कंपन्यांना असं मागेपुढे करू द्यायचं की नाही? सुतार म्हणाला, मी बोलणार. आदल्या दिवशी ताईंना कंपनीतून फोन आला. "तुमचं अ‍ॅप यादीत घालून टाकतो, अगदी फुकट. मग उगाच कशाला दगदग करता?" संस्थेतले लोक खूश झाले. खरं सांगायचं तर ताईंचंही मन डळमळलं. त्यांनी सुताराला विचारलं.

त्यानं डाव्या हातानं उत्तर दिलं, "आज घालतील, उद्या मनात आलं की काढतील. मग कुणाच्या पाया पडायचं?"

दोघंही गेले.

सुनावणीत सुतार एका हातानं बोलत होता आणि ताई त्याला आवाज देत होत्या. "मी पडलो," ताई म्हणाल्या. दुभाष्याच्या तोंडचा 'मी' त्याचा स्वतःचा नसतो. पदरचं अक्षरही घालायचं नसतं. कंपनीचे वकील सभ्य गृहस्थ होते. "रस्त्यावर रुग्णवाहिकेला आपण वाट देतोच ना? तसंच हे. शिवाय चूक दुभाषीबाईंचीही असू शकेल."

ताईंनी तेही वाक्य इमानानं हातांनी सांगितलं. सुताराच्या भुवया चढल्या. त्यानं ताईंकडे बोट केलं. "आता तुम्ही बोला."

"मी माझं बोलू का?" ताईंनी अध्यक्षबाईंना विचारलं.

"बोला."

"चूक माझीही असेल. रोज स्वतःला ऐकवते मी ते. पण वकीलसाहेब, रुग्णवाहिकेला वाट मिळते ती आतल्या माणसाच्या जिवासाठी. ड्रायव्हरचा कुणाशी करार आहे म्हणून नाही. दवाखान्यात या माणसाचं चित्र गोठलं, तेव्हा शेजारी कुणाचा तरी सिनेमा सुरळीत चालू होता."

सुताराला कळावं म्हणून त्या हातही चालवत होत्या. पण आवाज भरून आला. हात पुढे गेले आणि तोंड मागे राहिलं. अध्यक्षबाई वकिलांना म्हणाल्या, "गर्दीत कुणाला मागे ठेवायचं, हे तुम्ही नेमकं कशावरून ठरवता?"

वकील समोरचे कागद सारखे करत म्हणाले, "करारावरून."

काही महिन्यांनी आदेश निघाला. यादी बंद, वेग कमीजास्त करायचा तो सगळ्यांचा सारखा, अपवाद फक्त आणीबाणीच्या कॉलचा. कंपनी कोर्टात गेली आहे आणि खटल्याचं भिजत घोंगडं पडलं आहे, पण आदेशाला स्थगिती मिळालेली नाही. सुताराचं प्लास्टर निघालं, तरी मनगट पूर्ण वळत नाही. काही शब्द वाकडेच येतात. "मी आता बोबडा झालो," तो सांगतो आणि स्वतःच हसतो.

परवा भरदुपारी इंटरनेट पार बंद पडलं. ताई खिडकीत आल्या. समोरच्या घरातून शेजारीण ओरडली, "अहो, आमचं गेलंय! सिनेमा मध्येच अडकला! तुमचंही गेलं का?"

"गेलं!" ताई म्हणाल्या, आणि आपल्याला एवढं हसू का येतंय हे शेजारणीला कसं सांगावं, ते काही त्यांना सुचेना.