परत आलेलं वारं

वेल्ह्याच्या बाजारामागचा मांडव माणसांनी गच्च भरला होता. टेम्पो भरभरून लोक येत होते, कारण वारेबाबा गेलेलं वारं परत बोलावतो म्हणे. आपल्याकडे लकवा मारला की अंगावरून वारं गेलं म्हणतात. गेलंय म्हणजे येईलही, एवढ्या एका शब्दावर बाबाने दुकान थाटलं होतं.

खुर्चीत आनंदराव बसले होते, लुळा डावा पाय लोंबता सोडून. शेजारी त्यांची बायको बनाबाई हात जोडून उभी. मागे पुतणी राजनंदिनी, पुण्यात फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षेची उजळणी अर्धवट टाकून ती एसटीने आली होती.

"तोरण्यावरच्या वाऱ्या, चुकला असशील तर माघारी फिर," असं पुटपुटत बाबाने मोरपिसांच्या कुंच्याची मूठ आनंदरावांच्या गुडघ्याखाली आपटली. पाय ताडकन उडाला. मांडवात जयजयकार झाला.

"वारं पायात शिरलंय," बाबा म्हणाला. "आता व्यायाम न्हाई, काय न्हाई. हलवलं की बिथरतं."

हे तो दिवाळीपासून बजावत होता आणि बनाबाई निष्ठेने पाळत होत्या. राजनंदिनीने शिकवलेले व्यायाम केव्हाच बंद पडले होते. लकव्यानंतरचे पहिले काही महिने सोन्यासारखे असतात, ते या मांडवात मातीत गेले. तिला संताप आवरेना.

ती पुढे झाली. आनंदरावांच्या गुडघ्याच्या वाटीखाली तिने हाताच्या कडेने हलकाच टोला दिला. पाय पुन्हा उडाला, मघापेक्षा जोरात.

"मी मंत्र म्हटला न्हाई," ती लोकांकडे वळून म्हणाली. "हितली शीर ताणली की पाय आपसूक उडतो. तुमचाही उडंल. लकव्यात मेंदूचा लगाम सुटतो, म्हणून जास्तच उडतो. हे बरं होण्याचं लक्षण न्हाई."

काहीजण आपापल्या गुडघ्याखाली चाचपू लागले. लोकांना पटलं, असं तिला वाटलं. तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली आणि वाकून तिच्या पाया पडली.

"पोरीच्या हाताला बी गुण हाय."

म्हातारीमागे पाया पडायला रांग लागली. बाबा गालातल्या गालात हसला.

"आबा, आता तुमी स्वतः उचला बरं," राजनंदिनी चुलत्यांना म्हणाली. आनंदरावांच्या मानेच्या शिरा फुगल्या. पाय जागचा हलला नाही. तिने पाऊल हातात घेऊन वर दाबून पाहिलं. इतके महिने न हलवल्याने घोटा लाकडासारखा आखडला होता. यावर परीक्षेत काय लिहायचं ते तिला पाठ होतं.

आनंदराव तिच्या कानाशी पुटपुटले, "म्या कवाच वळखलंय गं. पर पाय उडला की तुझी काकी हसती."

तिने त्यांचं पाऊल हलकेच खाली ठेवलं.

वाचकहो, दुसऱ्याचा पाय उडवणं कुणालाही जमतं. तो उडालेला दिसला की हात जोडू नका, रोग्याला एवढंच म्हणा, तुम्ही उचला. उचलता आला नाही, तर त्याच दिवशी व्यायामाला लावा. आनंदरावांच्या पायासाठी आता उशीर झाला आहे, आणि मांडवातली गर्दी अजून हटलेली नाही.