सातव्या कलमातली चूक

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एका औषधाच्या दुकानावर शिवराज सरांचं ऑफिस होतं. दारावर ‘धोरण सल्लागार’ अशी पाटी होती. सात वर्षं तिथे काम करूनही हे सर नेमकं करतात काय, ते रुपाली वाघमोडेला आपल्या आईला नीट सांगता येत नव्हतं. कंपन्यांची कामं सरकारकडून करून घेतात, असं ती म्हणायची. त्यावर आईचं, बनाबाईचं, ठरलेलं उत्तर असे, “म्हंजी एजंटच की.”

सर तिच्याशी चांगले वागत. सांगोल्याकडच्या मेंढपाळाची ही पोर टायपिंगपुरती आली होती. कायद्याची भाषा तिला त्यांनीच शिकवली. आता इंग्रजी मसुदा ती मराठीत असा उतरवायची की सर तो न बदलता पुढे पाठवत.

फेब्रुवारीत त्यांनी तिला असाच एक मसुदा दिला. सौर वीज तयार करणाऱ्या एका कंपनीला गावोगावची गायरानं भाडेपट्ट्याने हवी होती आणि ग्रामसभेच्या परवानगीची अट आडवी येत होती. मसुद्यात ती अट काढून टाकली होती. कंपनीची मागणी सरकारला कळवायची आहे, एवढंच सर म्हणाले. रुपालीने एका दिवसात काम उरकलं. त्या घाईत सातव्या कलमात ‘ग’ हे पोटकलम तिच्याकडून दोनदा टाइप झालं. ते तिच्याही लक्षात आलं नाही आणि सरांच्याही.

जूनमध्ये सरकारने नव्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी जाहीर केला. त्याच्या प्रती काढता काढता रुपालीची नजर सातव्या कलमावर गेली. क, ख, ग, ग, घ. शब्द तिचे होते, स्वल्पविरामसुद्धा तिचेच होते. आधी तिला हसू आलं. मग तिने पान उलटून पहिल्या पानावरची राजमुद्रा पाहिली आणि फेब्रुवारीतली आपली प्रत काढून शेजारी ठेवली.

तिने सरांना सरळ विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. “एवढं बारीक लिहायला तिकडे वेळ कुणाला असतो? कुणीतरी लिहून द्यावंच लागतं. यात बेकायदेशीर काय आहे?” असं म्हणून ते फोनकडे वळले.

पुढच्या आठवड्यात कळलं की आमदारांची एक समिती सोलापुरात येऊन लोकांचं म्हणणं ऐकणार आहे. सरांनी तिच्याकडून एक निवेदन टाइप करून घेतलं, ‘आम्ही मेंढपाळ बांधव या विधेयकाचे मनापासून स्वागत करतो.’ चार दिवसांनी त्याच्या बावीस प्रती अंगठे उमटवून परत आल्या. तिसऱ्या कागदावर तिच्या आईचं नाव होतं.

रुपालीने जिन्यात जाऊन गावाकडे फोन लावला. मेंढरांच्या लशीसाठी नावं घालायची आहेत, असं गावात आलेल्या एका जीपवाल्याने सांगितलं होतं. बनाबाईने अंगठा दिला होता. शुक्रवारी सोलापूरला न्यायला जीप येणार होती. रुपालीने तिला तो कागद वाचून दाखवला. बनाबाईने एकच विचारलं.

“गायरान गेल्यावर मेंढरं कुटं न्यायची, ते लिवलंय का त्यात?”

“नाही, आये.”

“मग मी येती शुक्रवारी. त्येंच्याच जीपमदनं येती.”

सुनावणीच्या जाहिरातीत लिहिलं होतं की कुणाही नागरिकाला नाव नोंदवून बोलता येईल. रुपालीने आपलं नाव नोंदवलं.

शुक्रवारी सभागृहाच्या व्हरांड्यात शिवराज सरांनी तिला बाजूला घेतलं. ते रागावले नव्हते, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. ऑफिसचे कागद बाहेर काढलेस तर मला तक्रार करावी लागेल, या शहरात तुला दुसरं काम मिळणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. दोन्ही गोष्टींचा विचार करूनच आले आहे, असं सांगून ती आत गेली.

तिचं नाव पुकारल्यावर तिने सातवं कलम वाचलं आणि ‘ग’ दोनदा आल्याचं दाखवलं. अध्यक्ष म्हणाले की छपाईच्या चुका दुरुस्त होतील, मुद्द्याचं बोला.

“हाच मुद्दा आहे, साहेब. ही चूक माझी आहे. मी ती फेब्रुवारीत एका खासगी ऑफिसात केली. ती सरकारच्या कागदात कशी आली?” तिने तारखेसह आपली मूळ प्रत टेबलावर ठेवली.

सभागृहात कुजबुज झाली. सरकार सगळ्यांच्याच सूचना घेतं, असं एक सदस्य म्हणाले.

“जरूर घ्या,” रुपाली म्हणाली. “पण मग वर लिहा की हे कलम कंपनीने लिहिलंय. आम्ही कुणाच्या शब्दांवर हरकत घेतोय, ते आम्हाला कळलं पाहिजे.”

अध्यक्षांनी अंगठ्यांच्या कागदांचा गठ्ठा उचलून दाखवला. खुद्द मेंढपाळांचाच पाठिंबा आहे, ते म्हणाले. तेवढ्यात मागच्या रांगेतून बनाबाई उठली आणि पदर सावरत पार टेबलापर्यंत गेली.

“अंगठा माजा हाय, साहेब. पर त्यातलं बोलणं माजं न्हाय.”

तिच्या मागोमाग गुंडा उठला. हा त्यांच्याच गावचा म्हातारा मेंढपाळ. त्याने आपला कागद मोठ्याने वाचायला लावला, शेवटपर्यंत ऐकला आणि परत मागितला. मग आणखी काही जण उठले. बावीसपैकी चौदा जणांनी कागद परत मागितले. बाकीचे खाली मान घालून बसून राहिले. एकदा दिलेलं निवेदन परत देता येत नाही, असं समितीच्या कारकुनाने सांगितलं. तेव्हा बनाबाई म्हणाली की मग आता सांगतो तेही लिहून घ्या. रुपाली तिथेच पायरीवर बसली आणि एकेकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहू लागली. दुपार टळली, तरी प्रत्येक कागदावर पोचशिक्का मिळाल्याशिवाय ती हलली नाही.

त्याच संध्याकाळी तिची नोकरी गेली. महिन्याभरात सरांच्या वकिलाची नोटीस आली. ती तिने घेतली आणि उत्तरही स्वतःच लिहिलं. सांगोल्यात एका झेरॉक्सच्या दुकानात तिने टेबल टाकलं आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायला लागली.

हिवाळ्यात विधेयक मंजूर झालं. सातव्या कलमात ग्रामसभेची परवानगी परत आली होती. मात्र तिच्या खाली एक नवी ओळ होती. तीस दिवसांत ग्रामसभेचं उत्तर आलं नाही, तर संमती गृहीत धरली जाईल. या वेळी एकही चूक नव्हती, आणि ती ओळ कुणी लिहिली ते कुणीच सांगत नव्हतं.

रुपाली गावी गेली आणि तिने देवळासमोर जमलेल्या लोकांना ती ओळ दोनदा वाचून दाखवली. कंपनीची मागणी आल्यावर तीस दिवस मोजावे लागतील, तेवढ्यात सभा भरवावी लागेल, हे ती समजावत होती. बनाबाईने तिला मध्येच थांबवलं.

“त्येंनी मागायची वाट कशापायी बघायची? न्हाय म्हणायचंय ते आजच म्हणतो की.”

सरपंचांनी ठरावाची वही आणायला सांगितली.