नऊ घरं पुढं

"सूऱ्या, थांब. झाकण हलवू नकोस," चिंतामण म्हणाला.

मी कशाला थांबतोय! बाटलीचं निळं झाकण गोल टेबलावर तिसरी फेरी मारत होतं आणि हसून हसून माझं पोट दुखायला लागलं होतं. दहा कार्डं टेबलाच्या कडेनं गोल मांडलेली. चिंतामण हात धुवायला गेला तेवढ्यात सातवं कार्ड मी बदललं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'नऊ घरं पुढं जा'. सातव्यावरून नऊ घरं मोजली की झाकण येतं सहाव्यावर. सहावं म्हणतं, एक घर पुढं. की परत सातवं.

"पुढंच चाललंय की! मागं कुटं गेलं? तुजाच कायदा हाय."

तो हसला नाही.

भिगवणला हायवेवर माझं मच्छीचं हॉटेल आहे. चिंतामण माझ्या वर्गातला. पुण्याची नोकरी सुटली तसा गावी आला आणि चार वर्षं ह्याच टेबलावर बसून एकच काम करत राहिला. सगळं मशीन चालवणारा कॉम्प्युटरचा जो गाभा असतो, त्याच्या दारात एक पहारेकरी बसवायचा. नेटवरून येणारं एकेक पाकीट त्यानं तपासायचं. आत घ्यायचं नाहीतर फेकायचं. त्या पहारेकऱ्याला द्यायचे हुकूम चिंतामण घडवत होता. सगळे मिळून बावीस, त्यातले दहा आज टेबलावर. एकेका कार्डावर एकेक हुकूम, आणि झाकण म्हणजे पाकीट. 'हा आकडा बघ.' 'जुळला तर तीन घरं पुढं जा.' सगळ्यांवर कायदा एकच, उडी फक्त पुढं. मागं जाता आलं तर पहारेकरी एकाच पाकिटापाशी घुमत बसेल आणि अख्खं मशीन ठप्प.

हा गाभा सांभाळणारी देशोदेशीची माणसं मेलवरून त्याच्या कामाची चिरफाड करायची. शेवटी दोनच आराखडे उरले, एक ह्याचा, एक कुणा परदेशी बाईचा. निकाल त्याच संध्याकाळी होता, आणि ह्याचाच लागणार असं दिसत होतं.

"आरं, टेबल गोल हाय म्हनून झालं. चेष्टा केली," मी म्हणालो.

"मशीनमधले आकडेही गोलच असतात. तुझ्या लुनाचं मीटर ९९९९९ नंतर कुठं जातं?"

"शून्यावर."

"तसंच." त्यानं लॅपटॉप ओढला. "उडी पुढं आहे का, एवढं मी तपासतो. कार्डांच्या आतच पडते का, तेही तपासतो. पण उडीचा आकडाच एवढा मोठा दिला की मीटर फिरून मागच्या कार्डावर येईल, तर..."

त्यानं आकडा टाकला. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. पडद्यावरचा बाण हलेना.

चुलीपासून माझी बायको म्हाळसा ओरडली, "भावजी, चिलापी वाढू का?"

त्याला ऐकूच गेलं नाही.

"दुरुस्त व्हतंय का?" मी विचारलं.

"एका ओळीत."

"मग घाल की ओळ. कोन बगतंय?"

"चार वर्षं त्यांना छातीठोक सांगतोय, हा मागं जात नाही म्हणून. त्याच भरवशावर ते आज निवडणार."

"उद्या सांग."

त्यानं मेल उघडली.

तेवढ्यात दवाखान्यातली ड्यूटी संपवून चिंतामणची बायको, विमलवहिनी आल्या. हातात पेढ्यांचा बॉक्स.

"काय झालं?"

"भोक सापडलं."

"कुणाला?"

चिंतामणनं माझ्याकडे बोट केलं. आयुष्यभर मी लोकांच्या खोड्या काढल्या, पण लपायला जागा त्या दिवशी पहिल्यांदा शोधली. वहिनी खुर्चीवर टेकल्या.

"त्यांना कळवलंत?"

"कळवतो. माझा शब्द खोटा ठरला, आराखडा मागं घेतो म्हणून लिहितो."

वहिनी म्हणाल्या, "लिहा," आणि बॉक्स पर्समध्ये कोंबला.

तासाभरात उत्तर आलं. चार ओळी, सगळे आभारच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला.

"त्या बाईंच्या आराखड्यातही तेच भोक होतं. माझ्या मेलवरून त्यांनी बुजवलं. एक ओळ."

"आन् तिचा घेतला?"

"घेतला. हे वाच."

त्या ओळीखाली इंग्रजी अक्षरांत मी माझंच नाव वाचलं. चूक शोधणारा: सूरज, भिगवण.

"आन् तुजं नाव?"

"माझं त्यात काय आहे?"

"मी खोडी काढली व्हती रं!"

"ज्याला सापडलं त्याचं नाव लिहायची पद्धत आहे तिथं." मोबाइल त्यानं खिशात ठेवला.

अजून येतो तो. भिंतीकडच्या लांब बाकावर बसतो, लॅपटॉप आणत नाही. परवा गोल टेबल सरकवलं तर पायाखाली एक कार्ड निघालं. माझ्याच वेड्यावाकड्या अक्षरात, नऊ घरं पुढं जा. चिंतामण समोरच जेवत होता. माझ्या ओठावर एक चेष्टा आली होती. मी कार्ड खिशात घातलं.

"रस्सा आनू का?"

"अर्धी वाटी," तो म्हणाला.