भैयाजीचा चाकू

मिनलला जुळं झालं ते साल दोन हजार तेवीस. दिवाळीचा फराळ डब्यात शिल्लक होता, तेव्हा दवाखान्यातून जावयाचा फोन आला आणि नत्थू एकदम दोन नातवंडांचा आजा झाला, एक पोरगा अन् एक पोरगी. कोराडीच्या त्याच्या गल्लीत पेढे वाटून झाले. थोडे दिवस त्याची मान ताठ होती. मग एका सकाळी भैयाजी त्याच्या ओसरीवर येऊन बसला, सदऱ्याच्या खिशातून एक चाकू काढला, आणि नत्थूचं आजेपण तिथंच उतरलं.

भैयाजी काही परका नव्हता. दोघं पॉवर हाऊसात फिटर होते आणि दोघांची सगळी नोकरी एकाच लांब टेबलावर गेली. या बाजूला नत्थूचा लोखंड पकडायचा व्हाइस, समोर भैयाजीचा. नत्थूनं मान वर केली की आधी भैयाजीचे हात दिसायचे, मग तोंड. भैयाजी डावखुरा. त्याच्या डाव्या हातात कानस अशी चालायची की लोखंडाला गुदगुल्या होत असाव्यात. फोरमन मधुकरराव रोज तेच सांगायचे, "नत्थू, तू घासून आण. फिनिश भैयाजी करन." नत्थूनं आयुष्यभर घासून आणलं आणि फिनिश भैयाजीनं केलं. मान भैयाजीला मिळाला. निवृत्तीच्या समारंभात दोघांना एकाच दिवशी, एकाच रंगाची शाल दिली, तरी भैयाजीचीच शाल जास्त ऊबदार असणार असं नत्थूला वाटत राहिलं.

तर त्या सकाळी भैयाजीनं चाकू काढला. सागवानी मूठ, पातं मुठीत मिटलेलं. नत्थूची बायको सिंधू पेरूंची ताटली घेऊन बाहेर आली तशी त्यानं पातं उघडलं. आत कुठंतरी टक् असा बारीक आवाज झाला.

"पाहा वहिनी. पहिलाच हाये. मुठीच्या आत ही पातळ पट्टी बसवली. तिले उभी चीर देल्ली, त तिची अशी जीभ मोकळी झाली. जीभ जराशी आत वाकवली. पातं उघडलं का जीभ आपोआप त्याच्या टाचेमागं जाऊन बसते. आता कितीही दाबा, बोटावर मिटत नाही."

"अन् मिटवाचं असन त?"

"अंगठ्यानं जीभ बाजूले ढकलाची."

असं म्हणून तो मिटवायला गेला आणि अडखळला. अंगठा पोचेना. शेवटी त्यानं दुसऱ्या हाताचं बोट घालून जीभ सारली. त्या सकाळी नत्थूला तेवढीच एक गोष्ट गोड लागली.

"बजारातला चाकू खोलून पाह्यला अन् तसाच केला," भैयाजी हसत म्हणाला. "जीभ ज्या बाजूनं बसवली, त्यावर ठरते कोणता अंगठा चालन. सारे चाकू उजव्या हाताचे. मले जमत नाही, पण तुमच्या हाताले बसन. ठेवा, नातवंडांच्या आजीले भेट."

सिंधूनं चाकू घेतला, उजव्या अंगठ्यानं टक्कन मिटवला, उघडला, परत मिटवला. "अगाई, काय हात आहे भैयाजी तुमचा!"

मग त्या घरात विळी कोपऱ्यात उभी राहिली ती राहिलीच. काकडी भैयाजीच्या चाकूनं, पेरू भैयाजीच्या चाकूनं, दुधाची पिशवीसुद्धा भैयाजीच्या चाकूनं. प्रत्येक वेळी टक् व्हायचं आणि ते नत्थूच्या छातीत व्हायचं.

"काहून वं, दुधाची पिशवी फाडाले दात नाही का तुले?" तो एकदा म्हणालाच.

"दात तुमचेच शिवशिवून राहिले दिवसभर," सिंधू म्हणाली. "जळू नका. तुम्हीही करा एक."

ती सहज बोलली, पण नत्थूनं ते पक्कं धरलं. नातवंडं दिवस भरायच्या आधी झालेली, जपायची होती, म्हणून बारसं सव्वा महिन्यानं ठरलं होतं. "बारशाले पाळण्याच्या दोराचं टोक मी माह्या चाकूनं कापीन," त्यानं जाहीर केलं. गल्लीत सांगितलं, फोनवर जावयाला, रोहितला सांगितलं, आणि प्रेमिलेला मुद्दाम सांगितलं, कारण ती भैयाजीची बायको. जे सांगितलं नाही ते एवढंच होतं की सगळ्यांच्या समोर भैयाजीच्याच तोंडून त्याला एक वाक्य ऐकायचं होतं. नत्थ्या, हा माह्याहून सरस झाला. बस. बाकी आयुष्यात काही राहिलं नव्हतं.

मागच्या टिनाच्या शेडमध्ये त्यानं व्हाइस बसवला. लोखंड कापायच्या मशीनचं जुनं ब्लेड घासून पातं केलं. सुताराची मोडकी करवत कापून आतल्या पट्ट्या केल्या, कारण करवतीच्या पत्र्याला चांगली लवचीकता असते, वाकवला तरी परत येतो. मुठीला शिसम. भैयाजीचा सागवान, म्हणून याचा शिसम. पातं चांगलं झालं, ते त्याला घासतानाच कळलं. खोट होती ती जिभेची. जीभ टाचेमागं बसायची, पण पात्याच्या पाठीवर दाब दिला की सटकायची. एकदा सटकली तेव्हा पातं थेट त्याच्या बोटावर मिटलं. सिंधूनं हळद भरून चिंधी बांधली.

"भैयाजीले विचारा ना, सांगन तो."

"मरन, पण विचारणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो भैयाजीकडे गेला. विचारायला नाही, नुसतंच. चहा घेतला. कोळशाचे ट्रक किती धूळ उडवतात यावर बोलला. मग म्हणाला, "जावयाचा एक मित्र आहे. तो असाच चाकू करून राहिला. त्याची जीभ सटकते म्हणे."

भैयाजीनं त्याच्या बोटाच्या चिंधीकडे पाहिलं. "मित्राले सांग, टाचेचा उतार जास्त झाला. जरासाच दे, कागदाच्या जाडीएवढा. जीभ त्या उतारावर चढून घट्ट बसते. जास्त उतार देल्ला त सटकते, कमी देल्ला त अडकते. अन् बोट सांभाळ म्हणा त्याले."

नत्थू चिडून घरी आला. निदान लपवून तरी ठेवायचं! इतकी मेहनतीची गोष्ट कोणी अशी चहासोबत देऊन टाकतं का? त्यातही हाच मोठा झाला.

मग तो टाचेचा उतार कमी करायला बसला. उजव्या हातात कानस, एक हात मारायचा, डाव्या हातानं पातं उघडून जीभ बसते का पाहायचं, डाव्याच अंगठ्यानं जीभ ढकलून मिटवायचं, परत कानस. उजव्या हातातली कानस खाली ठेवायला त्याला वेळ नव्हता. आणि घासताना सारा वेळ डोळ्यासमोर भैयाजी. टेबलाच्या पलीकडे बसलेला. भैयाजीच्या हातात हा चाकू जातो, भैयाजी उघडतो, भैयाजीचा अंगठा जिभेवर जातो, अडखळत नाही, लोण्यासारखा चालतो, आणि भैयाजीचं तोंड उतरतं. हे चित्र इतकं आवडीचं होतं की नत्थू रोज ते पाहत कामाला बसायचा आणि पाहतच उठायचा.

बारशाच्या सकाळी चाकूला शेवटचं तेल लावलं. मूठ काळीभोर चमकत होती. पातं उघडलं की टक् असा आवाज यायचा, भैयाजीच्या चाकूपेक्षा भारी. त्यानं तो खिशात टाकला आणि नवा सदरा घातला.

घर माणसांनी भरलं. कन्हानहून मिनलचं सारं सासर आलं. घुगऱ्या शिजल्या. दोन पाळणे शेजारीशेजारी टांगले. नावं ठेवून झाली, आणि एका पाळण्याच्या दोराचं लांब टोक लोंबत होतं, ते बाळाच्या तोंडावर येत होतं. नत्थू पुढं झाला. सगळे पाहताहेत याची खात्री करून त्यानं चाकू काढला, उघडला. टक्. दोर एका ओढीत तुटला, एक धागा सुटला नाही.

"वा, मामाजी!" रोहित म्हणाला.

नत्थूनं भैयाजीकडे पाहिलं. भैयाजी भिंतीला टेकून बसला होता आणि टक लावून चाकूकडेच पाहत होता. आता फक्त झोकात मिटवायचा आणि त्याच्या हातात द्यायचा. नत्थूनं उजवा अंगठा जिभेवर नेला. अंगठा पोचेना. त्यानं पकड बदलली. पोचेना. जीभ भलत्याच बाजूला होती. अंगठ्यानं ढकलायची ती, इथं ओढावी लागत होती. तेल लावलेली, नखातून निसटायची. इतके दिवस हा चाकू त्यानं एकदाही उजव्या हातानं मिटवला नव्हता, हे त्याला तेव्हा, पाळण्याजवळ उभं असताना कळलं.

"व्याहीबुवा उघडाले शिकले, मिटवाचं राहून गेलं!" रोहितच्या काकांनी हाळी दिली. खोली हसली. चाकू या हातातून त्या हातात गेला. रोहितनं पाहिलं, काकांनी पाहिलं, कोणालाच नीट मिटवता येईना. "उलटा झाला बापा हा," कोणीतरी म्हणालं. नत्थूचे कान तापले. पोरी पाळण्याशी खिदळत होत्या.

मग चाकू भैयाजीपाशी आला. भैयाजीनं तो डाव्या हातात घेतला. अंगठा गेला, जीभ सरली, पातं मिटलं. उघडलं, टक्. परत मिटलं, एकाच हातानं. खोलीतलं हसू थांबलं.

आणि नत्थू तोंड उघडून खरं काय ते सांगणार, तोच सिंधू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "हसता काय? भैयाजीसाठीच त केला यांनी! त्याहीच्या हाताच्या मापानं!"

नत्थूनं तिच्याकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही, घुगऱ्यांचं पातेलं घेऊन आत गेली.

भैयाजीनं चाकू तळहातावर उलटासुलटा फिरवला. मग म्हणाला, "कैची पाहा, विळा पाहा, सारं उजव्या हाताचं. लहानपणी मास्तरनं डाव्या हातावर छड्या मारल्या. कोणी माह्या हाताची वस्तू करून देल्ली नाही. म्या स्वतःसाठी नाही केली." त्यानं परत एकदा टक् केलं. "नत्थ्या, हा माह्याहून सरस झाला बे."

वाक्य आलं. अक्षर न् अक्षर तेच, सगळ्यांच्या समोर. आणि नत्थूला ते गोड लागलंच नाही. कारण चाकू भैयाजीच्या खिशात जाताना त्याला दिसत होता.

"हाव," तो कसाबसा म्हणाला. "तुह्यासाठीच."

रात्री तो सिंधूवर उखडला. "माहा चाकू तू देऊन टाकला!"

"तुमची लाज ठेवली," ती म्हणाली. "अन् तो चाकू तुमचा होता कुठं? रात्रंदिवस त्या माणसाचाच हात डोक्यात घेऊन बसले, मग होईन कोणाच्या हाताचा?"

नत्थू न जेवताच अंथरुणावर जाऊन पडला.

पुढं तर आणखी वाईट झालं. भैयाजी तो चाकू घेऊन साऱ्या गावात फिरला. पानठेल्यावर दाखवला, जरीपटक्याच्या बाजारात दाखवला. दरवेळी इमानानं सांगायचा, नत्थूनं केला. पण ऐकणारे हसायचे, भैयाजी मोठ्या मनाचा, आपलं काम दुसऱ्याच्या नावावर देतो. एकदा बसस्टॉपवर एका अनोळखी माणसानं नत्थूलाच सांगितलं, "भैयाजीचा चाकू पाह्यला का? काय हात आहे म्हातारबाचा!" नत्थू बस सोडून पायी घरी आला.

त्यानं दुसरा चाकू केला, आठवणीनं उजव्या हाताचा. त्याची जीभ अडकायची. तिसरा केला, तो सटकायचा. पहिल्यासारखा परत झाला नाही.

पुढच्या हिवाळ्यात भैयाजीच्या छातीनं दगा दिला. संक्रांतीला नत्थू तिळगूळ घेऊन गेला. चाकू उशाशी होता. भैयाजीनं तिळाच्या वडीचे दोन तुकडे केले, एक त्याला दिला, एका हातानं टक्कन पातं मिटवलं. प्रेमिला पाणी आणायला आत गेली.

"आता खरं सांग बे," भैयाजी धापा टाकत म्हणाला. "चुकून झाला ना?"

नत्थूनं तिळगूळ तोंडात घोळवला. "हाव."

"मले पहिल्याच दिवशी मालूम होतं. तुहा अंगठा पाह्यला ना म्या." तो हसला, हसताना खोकला. "मुद्दाम केला असता त इतका चांगला नसता झाला."

नत्थूला राग आला आणि हसूही आलं. मरणाच्या दारातूनसुद्धा हा माणूस फिनिश करून गेला, असं त्याला घरी येताना वाटलं.

भैयाजीचं तेरावं झाल्यावर प्रेमिलेनं चाकू आणून दिला. तो आता नत्थूच्या ओसरीवर असतो. नत्थू उजव्या हातानं पेरू कापतो आणि डाव्या हातानं चाकू मिटवतो. कोणाचा म्हणून विचारलं तर भैयाजीचा म्हणतो, आणि म्हणताना अजून थोडं जळतंच.

भैयाजी कोराडीला राहत्या घरी शुक्रवारी, सतरा जानेवारी दोन हजार पंचवीस रोजी सकाळी वारले.