सांग बाबू

वासुदेवरावांच्या उजव्या डोळ्याने काम सोडलं त्याला काही वर्षं होऊन गेली होती, आणि डाव्याचंही आता कामात लक्ष नव्हतं. ही गोष्ट घराबाहेर कोणाला माहीत नाही, अशी त्यांची समजूत होती. घरात पत्नीला, आनंदाबाईंना, कळली, कारण एकदा ते मिरचीचा ठेचा भाजी समजून पोळीबरोबर खाऊन बसले, आणि मानी माणूस असल्यामुळे वर भाजी छान झाली म्हणाले.

म्हातारपणी मोतीबिंदू होणं ही काही जाहीर करण्याजोगी घटना नव्हे. पण वासुदेवराव बजरंग मंडळाच्या कबड्डीचे पंच होते. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून रिटायर झाल्यावर त्यांच्याकडे उरलेलं हे एकच पद. दर वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत सिंदी गावच्या मैदानावर दोन दिवस सामने होत, आणि ते दोन दिवस त्यांच्या शिट्टीवर सगळं गाव थांबे. मोबदला म्हणून नारळ, दुपट्टा आणि पाहिजे तितका चहा. "मी हे सेवा म्हणून करतो," असं ते सांगत. इतक्यांदा सांगून त्यांना ते खरंही वाटू लागलं होतं.

न दिसणारा माणूस पंच कसा राहतो, असं कोणी विचारील. तर त्या मैदानाची एक रीत होती. ज्याला हात लागला किंवा ज्याचा पाय रेषेबाहेर पडला, तो गडी स्वतःच हात वर करून बाहेर जाई. क्वचित शंका आली तर पंच विचारी, "सांग बाबू," आणि गडी सांगे. वासुदेवरावांना त्यानंतर फक्त शिट्टी वाजवायची असे. त्यांची नजर घारीची आहे असं लोक म्हणत, तेव्हा ते मान खाली घालत. लोकांना तो विनय वाटे.

यंदा मंडळाला प्रफुल्ल नावाचा नवा अध्यक्ष मिळाला. आजवर पहिलं बक्षीस म्हणजे ढाल आणि स्टीलचा एक गंज, म्हणजे मोठं पातेलं. प्रफुल्लने प्लॉट विकणाऱ्या बंडूजींना गाठून त्या जागी एकावन्न हजार लावले. चौकात फलक लागला. त्यावर बंडूजी हात जोडून उभे आणि त्यांच्यामागे एक मोकळं वावर.

"पैसा लावल्याबिगर पोट्टे जीव लावत नाई काका," प्रफुल्ल म्हणाला.

"आतापावतो गंजासाठी लावत होते न बे."

"गंज कोणाले पाह्यजे?"

तरुणपणी जिंकलेले असले तीन गंज वासुदेवरावांच्या घरी होते. एकात आनंदाबाई अजून दूध तापवत.

पैशाचा वास लागून दुरून दुरून संघ आले. पहिल्याच सामन्यात नागपूरच्या एका गड्याबद्दल शंका आली. वासुदेवराव म्हणाले, "सांग बाबू." तो गडी आधी गोंधळला, मग हसला. "अंकल, मुझसे पूछ रहे हो?"

गावच्या पोरांनी हे पाहिलं. दुसऱ्या सामन्यापासून त्यांचेही हात खालीच राहिले. तिथून पुढे वासुदेवरावांनी जितके निकाल दिले, तितके उभ्या जन्मात दिले नव्हते. त्यांतले निम्मे बरोबर आले असावेत, कारण शिव्या दोन्ही बाजूंनी सारख्याच पडत होत्या.

संध्याकाळी ते घरी येऊन नुसते बसून राहिले. आनंदाबाईंनी दुधाचा गंज चुलीवरून उतरवला.

"सोडून द्या न आता."

"सेवा आहे ते."

"सेवा कायची? तुमाले शिट्टी वाजवाची हौस आहे."

दुसऱ्या दिवशी शेवटचा सामना, सिंदी आणि हिंगणघाट. गुण बरोबरीत, आणि शेवटची चढाई सिंदीच्या गोपालची. गोपाल जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. सकाळची पाळी करूनच आला होता. तो आत घुसला, दोघांना शिवला, कडेने निसटला आणि धडपडत परत आला. सिंदीवाले नाचायला लागले. पाय रेषेबाहेर गेला म्हणून हिंगणघाटवाले ओरडायला लागले. पाय बाहेर गेला असेल तर हिंगणघाट जिंकणार, नाही तर सिंदी.

वासुदेवरावांना धूळ दिसली होती. धुळीत काहीतरी पांढरं होतं. ती रेषा असेल, नाहीतर मोजा.

"सांग बाबू. गेलता का बाहेर?"

गोपाल गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. त्याने वर पाहिलं नाही. "पंच तुम्ही आहा न काका. तुम्हीच सांगा."

हे वाक्य त्या मैदानावर पहिल्यांदा बोललं गेलं. वासुदेवरावांनी शिट्टी तोंडापर्यंत नेली. सिंदीच्या बाजूने वाजवली तर खोटं कोणी पाडू शकत नव्हतं, आणि घारीची नजर आणखी दहा वर्षं टिकली असती. पण त्यांना एकाएकी फार थकवा आला. त्यांनी शिट्टी खाली सोडली आणि हात वर केला.

"मले दिसलं नाई," ते मोठ्याने म्हणाले. "आजचंच नाई. लय दिवसांपासून दिसत नाई."

आणि रीतीप्रमाणे ते बाहेर गेले. रेषा नक्की कुठे आहे ते ठाऊक नसल्यामुळे खात्रीसाठी चार पावलं जास्त टाकली.

प्रफुल्लने स्वतः शिट्टी घेऊन चढाई पुन्हा खेळवली. गोपाल पहिल्याच दमात पकडला गेला. पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर बसलेल्या वासुदेवरावांना हे हिंगणघाटच्या आरोळीवरून कळलं.

थोड्या वेळाने गोपाल दोन चहा घेऊन आला आणि गुडघा धरत शेजारी टेकला.

"गेलता?"

"हाव. बोटभर."

"मंग हात काऊन नाई केला? पैशापायी?"

"पैसा कोणाले नको काका? पण वाटून जो येते, त्यात ह्या गुडघ्याचा एमआरआय बी नाई निघत. हे शेवटचं वरीस. मले एक डाव जिंकाचं होतं."

"आतापावतो तं हात वर करत होता."

गोपालने चहावर बराच वेळ फुंकर घातली. "तुमाले दिसत नाई, हे माहीत होतं न आमाले."

"कवापासून?"

"माह्या लग्नात तुम्ही माह्या आहेराचं पाकीट साळ्याच्या हातात देल्लं, तवापासून. हात नसता केला तं तुमची फजिती झाली असती. पोट्ट्याईनं ठरवूनच टाकलं होतं. यंदाच्या बाहेरच्याईले काय ठाव?"

वासुदेवरावांनी चहा संपवला. दर वर्षी बक्षीस समारंभात ते खिलाडूवृत्तीवर बोलत. भाषण नेहमी चांगलं होई.

"सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊन डोळा करून घेतो," ते म्हणाले.

"घ्या न. पण मंग पंच नोका राहू."

"काऊन?"

"दिसाले लागलं, तं हात कोण वर करन?"

मंचावर बंडूजींचं भाषण संपलं, आणि प्रफुल्लने माईकवर वासुदेवरावांचं नाव पुकारलं. सत्कार आधीच ठरलेला होता. रद्द करायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"बोलावून राह्यले काका. नारळ तं घेऊन घ्या."

"चाल मंग. मंच कोनीकडे आहे ते दाखव."

दोघं उठले. एकाचा गुडघा, एकाचे डोळे. त्यामुळे वेळ लागला.